दख्खनच्या राणीचा रंग

खेळण्यातील आगगाडी पाहून ज्याची पावले थबकली नाहीत, असा मुलगा विरळाच. परंतु आगगाडीचे खेळणे वेगळे आणि आगगाडीची प्रतिकृती वेगळी. खेळण्याला कोणताही रंग चालतो. डोळ्यांना बरा दिसला म्हणजे झाले. प्रतिकृतीला मात्र खऱ्या गाडीशी इमान राखावे लागते. हे इमान राखण्यासाठी किती शोध घ्यावा लागतो, ते एका उदाहरणाने पाहू.

पुणे व मुंबई या शहरांना जोडणारी ‘डेक्कन क्वीन’, म्हणजेच आपली दख्खनची राणी, १ जून १९३० रोजी सुरू झाली. त्या वेळी हा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होता. राणीसाठी प्रत्येकी सात डब्यांच्या दोन गाड्या सिद्ध करण्यात आल्या. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनले. त्यांवरील डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. एक गाडी रुपेरी असून तिच्यावर लाल पट्ट्या होत्या. दुसरी निळी असून तिच्यावर सोनेरी रेघा होत्या. १९६६ साली या डब्यांची जागा नव्या पोलादी डब्यांनी घेतली.

आता कोणी त्या निळ्या गाडीची प्रतिकृती करू लागला, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो असा : निळा म्हणजे कोणता निळा? मोराच्या मानेचा, कपड्यांना घालावयाच्या निळीचा, की जांभळ्याकडे झुकणारा? शब्दाने रंगाचे नाव कळते; रंग कळत नाही.

मग तो वृद्ध प्रवाशांकडे जातो. त्यांच्या आठवणी मोलाच्या खऱ्या. परंतु पुढे कित्येक वर्षे राणी निळ्या-पांढऱ्या वेषात धावत होती. नंतर पाहिलेला रंग आधीच्या रंगावर नकळत चढतो. म्हणून केवळ आठवणीवर विसंबून चालत नाही.

छायाचित्रे तर खोटे बोलणार नाहीत ना? तीही फसवू शकतात! त्या काळी वापरात असलेल्या अनेक कृष्णधवल फिल्मा निळ्या प्रकाशाने चटकन प्रभावित होत. तांबड्या प्रकाशाला मात्र त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. अशा फिल्मेवर निळी वस्तू फिकट उमटे आणि लाल पट्टी काळी दिसे. हे ज्याला ठाऊक नाही, तो निळ्या गाडीला पांढुरकी समजेल आणि रुपेरी गाडीवर काळ्या पट्ट्या ओढील.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष रंगाचा तुकडा. जुन्या डब्याची एखादी फळी हाती लागली, तर तिचा लहानसा भाग पॉलिश पेपरने तिरपा घासतात. मग एकावर एक दिलेले रंगांचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे उघडे होतात. सर्वांत खालचा थर बहुधा अस्तराचा असतो, हे विसरता कामा नये. उन्हाने रंग विटतो आणि जुन्या व्हार्निशच्या पिवळेपणामुळे निळा हिरवट भासतो. म्हणून स्क्रूखाली किंवा बिजागरीआड झाकून राहिलेला रंग अधिक विश्वासाचा. सापडलेली छटा भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस ५’ या रंगतक्त्याशी दिवसाच्या उजेडात ताडून पाहावी आणि तिच्याशी जुळणाऱ्या छटेचा क्रमांक टिपून ठेवावा. म्हणजे दुसऱ्या गावच्या कारागिरालाही ती कळते.

रंगाइतकीच अक्षरांचीही पारख करावी लागते. अक्षरे काळ सांगतात. मध्य रेल्वेची स्थापना ५ नोव्हेंबर १९५१ रोजी झाली. तेव्हा १९३० च्या डब्यावर ‘मध्य रेल्वे’ असे नाव घालणे म्हणजे शिवछत्रपतींच्या हाती घड्याळ बांधण्यासारखे आहे. राणीला आरंभी पहिला व दुसरा हे दोनच वर्ग होते. तिसरा वर्ग आला जून १९५५ मध्ये. म्हणून तिसऱ्या वर्गाची खूण त्यापूर्वीच्या डब्यावर शोभणार नाही.

अक्षरांची उंचीही मापाने काढता येते. समजा, डब्याचे दार ७२ इंच उंच आहे आणि छायाचित्रात दाराजवळचे अक्षर त्याच्या बाराव्या हिश्श्याइतके दिसते. म्हणजे अक्षर ६ इंचांचे, सुमारे १५२ मिलिमीटरचे झाले. प्रतिकृती मूळ गाडीच्या ८७ व्या हिश्श्याएवढी असेल, तर तेच अक्षर अवघे पावणेदोन मिलिमीटर भरेल! तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा त्या अक्षराचे वळणदेखील मूळ अक्षराशी जुळावे लागते.

एवढे सगळे करूनही काही गोष्टी अनिर्णित राहतातच. तेथे खरा कारागीर काय करतो? तो प्रतिकृतीसोबत एक टिपण ठेवतो : ‘अमुक गोष्टीला पुरावा आहे, अमुक गोष्ट माझा तर्क आहे.’ ही टीप फार महत्त्वाची आहे. ज्यांनी जुनी राणी पाहिली, त्यांची संख्या दिवसेंदिवस घटत आहे. उद्याच्या मुलांना ती प्रतिकृतीतूनच दिसेल. आज तर्काने दिलेला रंग उद्या पुरावा म्हणून दाखवला जाईल आणि माटुंग्याच्या ज्या रंगाऱ्यांनी ते डबे सजवले, त्यांचे काम कायमचे झाकले जाईल. वस्तू लहान असली, म्हणून तिच्यातील असत्य लहान ठरत नाही.

स्वाध्याय

१. खेळणे आणि प्रतिकृती यांत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे?
२. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवताना कोणती सावधगिरी बाळगावी?
३. ‘अक्षरे काळ सांगतात’ हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूचा मूळ रंग कोणता होता, याचा शोध घ्या. पुरावा कोणता व तर्क कोणता, ते वेगवेगळे लिहा.