मौर्यांचे साम्राज्य का बुडाले?



आमच्या वस्तीतला सातवीतला एक मुलगा मध्यंतरी संध्याकाळी माझ्याकडे आला. हातात इतिहासाची वही होती आणि तोंड उतरले होते. वर्गात कोणीतरी त्याला म्हणाले होते, “तुमच्या बुद्धाने देश बुळा केला. अशोकाने तलवार टाकली आणि राज्य गेले.” मुलाने विचारले, “गुरुजी, हे खरं आहे का?” घरी विचारावे, तर आईवडील शाळेची पायरी न चढलेले. माझे वडीलही अंगठा उठवीत, त्यामुळे त्या मुलाची अडचण मला ठाऊक आहे. आपल्या घरातील प्रत्येक मुलाला कधी ना कधी हा प्रश्न ऐकावा लागणार आहे. म्हणून आजचा पाठ त्यावर आहे. हा लेख घरात मोठ्याने वाचावा, ही विनंती.

अशोकाने तलवार टाकली काय?

इ. स. पू. ३२१ च्या सुमारास चंद्रगुप्ताने मौर्यांचे राज्य स्थापन केले. त्याचा नातू अशोक याच्या काळी ते अफगाणिस्तानातील कंदाहारपासून कर्नाटकातील मास्कीपर्यंत पसरले. इ. स. पू. २६१ च्या सुमारास कलिंगचे युद्ध झाले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख कैद करून नेली गेली आणि त्याहून कितीतरी पुढे मेली, असे अशोकाने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. विजयी राजाने आपल्या विजयाबद्दल जाहीर पश्चात्ताप करावा, असे दुसरे उदाहरण जगात शोधून सापडणे कठीण.

पण पश्चात्ताप म्हणजे दुबळेपणा नव्हे. अशोकाने सैन्य मोडले, असे एकाही शिलालेखात नाही. उलट त्याच तेराव्या लेखात अरण्यातील टोळ्यांना त्याने बजावले आहे की, राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगी सामर्थ्य आहे. फाशीची शिक्षाही त्याने रद्द केली नाही. शिक्षा झालेल्यास तीन दिवसांची मुदत द्यावी, एवढेच चौथ्या स्तंभलेखात सांगितले. कलिंगही मौर्यांच्या राज्यातच राहिले.

आता शेवट पाहा. अशोक इ. स. पू. २३२ च्या सुमारास वारला. शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ इ. स. पू. १८५ च्या सुमारास मारला गेला. मध्ये सुमारे ४७ वर्षे गेली. त्याला मारले कोणी? परकीयाने नव्हे, त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्र शुंगाने. आणि केव्हा? बाणभट्टाने हर्षचरितात लिहिले आहे की, सैन्याची पाहणी चालली असता. ज्या राज्यात सेनापती आहे आणि पाहणीला उभे राहणारे सैन्य आहे, ते राज्य तलवार टाकल्यामुळे बुडाले असे कसे म्हणता येईल?

मग बुडाले कशामुळे?

परमपूज्य बाबासाहेबांनी पुष्यमित्राच्या या कृत्याला प्रतिक्रांती म्हटले आहे. समतेच्या धम्माला मिळालेला राजाश्रय गेला आणि ब्राह्मणी सत्ता पुन्हा बसली, हा त्यातील अर्थ आपण विसरता कामा नये. परंतु घाव घालणारा का यशस्वी होतो, हेही तपासले पाहिजे. ज्या झाडाचे मूळ घट्ट आहे ते एका घावाने पडत नाही.

पहिले कारण, सारा कारभार एका माणसावर टेकलेला होता. सहाव्या शिलालेखात अशोक म्हणतो की, मी जेवत असो वा अंतःपुरात असो, लोकांचे काम माझ्यापर्यंत केव्हाही आणावे. किती थोर राजा! पण विचार करा, असा राजा गेल्यावर पुढे कोणाकडे जायचे? इतिहासकार रोमिला थापर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हेच दाखविले आहे. अधिकाऱ्यांची निष्ठा राज्यसंस्थेवर नव्हती, गादीवरच्या माणसावर होती. राजा बदलला की घडी विस्कटे.

दुसरे कारण, अधिकाऱ्यांचा जुलूम. अशोकाच्या बापाच्या, बिंदुसाराच्या काळी तक्षशिलेत बंड झाले. त्याची कथा बौद्ध ग्रंथांत आहे. लोक म्हणाले की, आमचे राजाशी वैर नाही, दुष्ट अमात्य आमचा अपमान करतात. कलिंगातील अधिकाऱ्यांनाही अशोकाने लेखातून खडसावले आहे की, काही लोकांना विनाकारण तुरुंगात टाकले जाते, हे घडता कामा नये. त्यासाठी दर पाच वर्षांनी तपासणीला माणूस पाठविण्याचे त्याने ठरविले. रोग त्याला कळला होता. पण औषध देणारा वैद्य तो एकटाच होता.

तिसरे कारण, पैसा आणि अंतर. गोव्यात जन्मलेले विद्वान दामोदर कोसंबी यांनी जुनी चांदीची नाणी तराजूत घालून अभ्यासली आणि उत्तर मौर्यकाळात नाण्यांत तांब्याची भेसळ वाढली, म्हणजे तिजोरीवर ताण होता, असा निष्कर्ष काढला. दूरचे प्रांतही सुटत गेले. इ. स. पू. २०६ च्या सुमारास अँटिओकस हा ग्रीक राजा काबूलच्या बाजूला आला, तेव्हा त्याच्याशी सख्य केले ते सुभगसेन नावाच्या राजाने. पुष्यमित्राने घाव घातला तेव्हा इमारत आधीच पोखरली होती.

तथागतांचा कानमंत्र

राज्ये का टिकतात, हे तथागतांनी मौर्यांच्या आधीच सांगून ठेवले आहे. महापरिनिब्बान सुत्तात येते की, अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला भगवंतांकडे पाठविले. तेव्हा भगवंतांनी आनंदाला वज्जींविषयी सात प्रश्न विचारले. ते वरचेवर सभा भरवितात काय? एकत्र जमतात आणि एकदिलाने उठतात काय? ठरलेले नियम पाळतात काय? वृद्धांचे ऐकतात काय? स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत ना? चैत्यांचा मान राखतात काय? अर्हंतांचे रक्षण करतात काय? जोवर हे चालेल तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे भगवंत म्हणाले. वस्सकारानेही ओळखले की, वज्जी लढाईने हरणार नाहीत, फूट पाडली तरच हरतील. या सात गोष्टींत हत्ती-घोडे किती आहेत ते मोजा. एकही नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका दुसऱ्या शब्दांत सांगितला. राजकारणातील भक्ती, म्हणजे एका माणसाच्या चरणी सारे वाहणे, ही अधोगतीची वाट आहे, असा त्यांचा इशारा होता.

बांधवांनो, आता आपल्या वस्तीकडे पाहा. आपला विहार एकाच कार्यकर्त्याच्या जिवावर चालतो काय? तो आजारी पडला तर रविवारची वंदना बंद पडते काय? वर्गणीचा हिशेब सभेत वाचला जातो की एकाच्याच खिशात राहतो? सभेत महिला बोलतात की नुसत्या चहा करतात? साम्राज्याला जे लागू, तेच दहा घरांच्या वस्तीला लागू.

आणि शेवटी एक गोष्ट. मौर्यांचे राज्य सुमारे १३७ वर्षे टिकले. पण दगडावर कोरलेला विचार टिकला. ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. शिकारीची सहल सोडून राजा धम्मयात्रेस निघाला, हे त्यात सांगितले आहे. दुसरा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली मिळाला, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. सारनाथचे सिंह आज भारताची राजमुद्रा आहेत. पुष्यमित्राची मुद्रा कोणाच्या खिशातील नाण्यावर आहे?

त्या मुलाला मी हेच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात हात वर केला, असे त्याच्या आईने मला सांगितले.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. अशोकाने सैन्य मोडले नव्हते, याचे दोन पुरावे सांगा.
२. वज्जींच्या सात नियमांपैकी आपल्या वस्तीत कोणते पाळले जातात, कोणते नाहीत?
३. आपल्या विहाराचे काम एक माणूस नसताना चालावे म्हणून या महिन्यात काय करता येईल?

जय भीम!