होडीवरच्या जीपीएसला बाहेरचा अँटेना लागतो का, आणि लागला तर खर्च किती?

मासेमारीबंदीचे जून आणि जुलै हे कोकणात नौकांच्या डागडुजीचे महिने. होडी वर ओढून घेतलेली असते, तळ खरवडून रंग लागत असतो, इंजिन उघडलेलं असतं. वायरिंगला हात लावायचा तर हीच वेळ. याच दिवसांत दुकानात हमखास ऐकायला मिळतं, ‘बाहेरचा अँटेना बसवून घ्या, जीपीएस एकदम पक्का चालेल.’ काही होड्यांसाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. काहींसाठी तो निव्वळ वाया गेलेला पैसा आहे. फरक ठरतो एकाच गोष्टीवरून: तुमच्या जीपीएसच्या डोक्यावर काय आहे?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल होडीपर्यंत येतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो. फायबर, प्लायवूड, कोरडं लाकूड यांतून तो थोडासाच घटून पार होतो. पत्रा, ॲल्युमिनियम, पोलाद यांतून होत नाही. पाणीही त्याला अडवतं, म्हणून भिजलेली ताडपत्री किंवा केबिनच्या टपावर रचलेला ओल्या जाळ्यांचा ढीग हा अडथळाच. सेटच्या आतला अँटेना वाईट असतो असं नाही. त्याला आकाश दिसत नसेल तर तो काहीच करू शकत नाही, एवढंच.

म्हणून उघड्या फायबर होडीवर, जिथे सेट सुकाणूजवळ मोकळ्या आकाशाखाली असतो, तिथे बाहेरच्या अँटेनाने जवळजवळ काहीच पदरात पडत नाही. मोकळं आकाश दिसत असेल तर आतला आणि बाहेरचा, दोन्ही अँटेना साधारण ३ ते ५ मीटरच्या आत जागा सांगतात. प्लायवूडवर फायबरचा थर दिलेल्या केबिनमध्येही बहुतेकदा आतला पुरतो. लाकडी केबिनवर पत्रा ठोकलेला असेल, ॲल्युमिनियमची शीट लावलेली असेल किंवा नौका पोलादी असेल, तर मात्र बाहेरचा अँटेना घ्यावाच. तिथे काटकसर करू नये.

तुमची होडी कोणत्या गटात बसते ते एक रुपयाही न खर्चता तपासता येतं. अँड्रॉइड फोनवर ‘जीपीएस टेस्ट’ नावाचं मोफत ॲप मिळतं. ते प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद आकड्यात दाखवतं. होडी धक्क्याला बांधलेली असताना फोन बाहेर मोकळ्यावर पाच मिनिटं ठेवा आणि वरचे पाच-सहा आकडे लिहून घ्या. मग जिथे सेट आहे किंवा बसवायचा आहे, नेमक्या त्या जागी फोन ठेवून पुन्हा पाहा. बाहेर ४० च्या आसपास असलेले आकडे आत ३५ वर आले तर काळजीचं कारण नाही. २५ पर्यंत घसरले किंवा निम्मे उपग्रह गायबच झाले, तर तुमचं टप सिग्नल खातंय. फोनचा अँटेना छोटा असतो, त्यामुळे त्याच्या एकट्या आकड्याला अर्थ नाही. आत आणि बाहेर यांतला फरक मात्र खरा असतो. सेट आधीच बसवलेला असेल तर त्याच्या उपग्रहांच्या पानावर हीच तपासणी करा. ती करताना इंजिन चालू ठेवा, दिवे लावा आणि वायरलेसचं बटण दाबून बोला. एखादी गोष्ट चालू करताच आकडे पडले, तर दोष अँटेनात नसून त्या वस्तूत आहे.

अँटेनावर ढकलल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारींचा अँटेनाशी संबंध नसतो. जाळं सोडून होडी वाहत असताना पडद्यावरचा बाण गरगर फिरतो, ही नेहमीची तक्रार. जीपीएस दिशा ओळखतो ती होडीच्या सरकण्यावरून. वेग एका नॉटच्या खाली गेला की त्याला दिशाच उरत नाही, मग अँटेना कितीही महाग असो. त्यावर उपाय म्हणजे दिशा दाखवणारा वेगळा सेन्सर, नाहीतर साधं होकायंत्र. दुसरी तक्रार असते ती शेवटचा आकडा हलत राहण्याची. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. पडद्यावर मिनिटाचे तीन दशांश दिसत असतील तर शेवटचा अंक १.८५ मीटरचा झाला. तो दोन-तीनने हलला तर सेट ठणठणीत आहे. आणि खाडीच्या मुखाशी सरकणारा वाळूचा बांध कोणत्याच अँटेनाला दिसत नाही. तिथे भरती-ओहोटी आणि तांडेलाची नजर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

फुकटात अचूकता वाढवायची असेल तर आधी सेटिंगमध्ये जा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ ही यंत्रणा जीपीएसच्या चुका सुधारणारे संदेश भूस्थिर उपग्रहांवरून पाठवते. त्यासाठी काही शुल्क नाही. बऱ्याच सागरी सेटमध्ये ही सोय असते, पण ती ‘वास’ किंवा ‘एसबास’ या नावाखाली दडलेली आणि कित्येकदा बंद ठेवलेली असते. ती सुरू करा. तिथेच नकाशाचं मापन ‘डब्ल्यूजीएस ८४’ वर आहे ना, तेही पाहून घ्या. ते बदललेलं असेल तर जागा शेकडो मीटरने चुकू शकते, आणि तो दोष नवा अँटेना कधीही दूर करणार नाही.

आता खरेदी. सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात, कारण बाजारात ‘बाहेरचा अँटेना’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे खरा अँटेना. तो आकाशातला सिग्नल पकडतो, आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरने वाढवतो आणि कोॲक्सियल केबलमधून सेटकडे पाठवतो. जागेचं गणित सेट करतो. या ॲम्प्लिफायरला लागणारी वीज, बहुधा ३ ते ५ व्होल्ट, त्याच केबलमधून सेटच देतो. म्हणून सेटला अँटेनाचं सॉकेट हवं, त्यातून योग्य व्होल्टेज यायला हवं आणि कनेक्टरही जुळायला हवा. तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. सेट चालू ठेवून सॉकेटची मधली पिन आणि बाहेरची कडी यांमधलं व्होल्टेज मोजा. प्रोब सावधपणे धरा, दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. शून्य आलं तर एक तर सेट वीज देत नाही, नाहीतर सॉकेट खराब आहे. दोन्ही बाबतींत नवा अँटेना घेऊन उपयोग नाही.

दुसरी वस्तू दिसते तशीच, पांढऱ्या मश्रूमसारखी, पण तिच्यात अख्खा जीपीएस रिसीव्हर असतो. तो गणित करून तयार अक्षांश-रेखांश वायरीतून सेटला देतो. ही भाषा एनएमईए ०१८३ किंवा एनएमईए २००० या दोन प्रकारांतली असते आणि एकाची वायर दुसऱ्यात थेट चालत नाही. अलीकडच्या अनेक प्लॉटरना अँटेनाचं सॉकेटच नसतं, त्यांना हीच वस्तू लागते. ती जोडल्यावर सेटिंगमध्ये जागेचा स्रोत बदलावा लागतो. तो बदलला नाही, तर पैसे भरून बसवलेला रिसीव्हर टपावर नुसता उभा राहतो आणि सेट आपला आतला अँटेनाच वापरत बसतो.

किमती साधारण अशा धरा. ब्रँड आणि दुकानानुसार त्या बदलतील, म्हणून दोन ठिकाणी विचारा. गाडीवर चिकटवायचा चुंबकाचा चौकोनी अँटेना ३०० ते ८०० रुपयांत मिळतो. तो समुद्रासाठी बनवलेला नसतो आणि खाऱ्या हवेत फार टिकत नाही, पण बाहेरच्या अँटेनाने खरोखर फरक पडतो का हे आजमावायला हरकत नाही. समुद्रासाठी बनवलेला, पण नावाजलेल्या कंपनीचा नसलेला मश्रूम अँटेना २,००० ते ५,००० रुपयांत येतो. सेट बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा घेतला तर १० ते २० हजार. रिसीव्हरसह येणारी वस्तू १५ ते ३० हजारांपर्यंत जाते. होडीवर एनएमईए २००० ची मुख्य केबल नसेल तर तिच्या सुरुवातीच्या किटचे ६ ते १० हजार वेगळे. याशिवाय स्टीलचा ब्रॅकेट ६०० ते १,५००, कनेक्टर, रबर टेप आणि केबल जिथून आत शिरते तिथली ग्लँड मिळून हजारभर, आणि वायरमनची मजुरी ५०० ते १,५००. म्हणजे पत्र्याच्या केबिनवर मध्यम दर्जाचा खरा अँटेना नीट बसवून घ्यायला पाच ते नऊ हजार हाताशी ठेवावेत.

या खर्चात केबल आणि जोड यांवर हात आखडू नका, असं मी आग्रहाने सांगेन. आरजी-५८ सारखी नेहमीची केबल या लहरीवर दहा मीटरला सुमारे ८ डेसिबल सिग्नल खाते, म्हणजे साधारण एक षष्ठांशच पोचतो. ॲम्प्लिफायर असलेला अँटेना हे भरून काढतो, पण जोडात खारं पाणी शिरलं की तोही हरतो. अँटेना बिघडला म्हणून फेकण्याआधी जोड उघडून पाहा. आत हिरवट गंज दिसला तर बिघाड तिथेच आहे. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि वरून विजेची टेप लावा. केबल आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. केबल करकचून वाकवू नका आणि उरलेलं भेंडोळं वायरलेसच्या केबलजवळ ठेवू नका.

बसवायची जागाही विचार करून निवडावी लागते. डोलकाठीच्या टोकावर चढवण्याचा मोह टाळा. सहा मीटर उंचीवरचा अँटेना होडी १५ अंश कलली की एका बाजूला दीड मीटर झुलतो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटर. होडी जागच्या जागी डुलत असली तरी पडद्यावर वेग आणि दिशा नाचत राहतात. लहान नौकेला केबिनचं टप किंवा मागचा कठडा उत्तम, फक्त चारी बाजूंना आकाश मोकळं हवं. रडार असेल तर त्याच्या झोताच्या वर किंवा खाली बसवा. वायरलेसच्या अँटेनापासून निदान एक मीटर अंतर ठेवा. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर मच्छीमार नौकांवर मोफत बसवण्याची योजना २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरमधून सुरू झाली. हे यंत्र स्वतः उपग्रहाकडे संदेश पाठवतं, म्हणून त्याच्यापासूनही तेवढंच अंतर राखा आणि त्याच्या वायरीतून आपल्या सेटसाठी फाटा काढू नका.

स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइल चार्जर आणि टीव्हीचे ॲम्प्लिफायर लावलेले अँटेना सिग्नलमध्ये खोडा घालू शकतात. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात २००१ साली अख्ख्या बंदराचा जीपीएस बंद पडला होता. शोध घेतला तेव्हा कारण निघालं ते बोटींवरच्या टीव्ही अँटेनांतले ॲम्प्लिफायर. तुमच्या शेजारच्या नौकेवरची एखादी वस्तूही तुमचा सेट आंधळा करू शकते, हे त्यातून घेण्यासारखं. धक्क्यावर सिग्नल जातो आणि समुद्रात गेल्यावर परत येतो असं होत असेल, तर खिशात हात घालण्याआधी शेजारी पाहा.

उघड्या होडीवाल्याचे असे वाचलेले पैसे कुठे घालावेत, याबद्दल माझं मत पक्कं आहे. दहा-बारा हजारांपासून मिळणारा हातातला दुसरा जीपीएस घ्या, सुट्या सेलवर चालणारा. होडीची बॅटरी बुडाली किंवा फ्यूज गेला तर घरी आणणारं यंत्र तेच असेल. आणि तुमच्या वायरलेसवर संकटाचं लाल बटण असेल, तर त्याला जीपीएसची जागा पोचते का ते आजच पाहा. जागा पोचत नसेल तर बटण दाबल्यावर तुम्ही संकटात आहात हे कळेल, कुठे आहात ते कळणार नाही. काही वायरलेसमध्ये स्वतःचा जीपीएस असतो. नसेल तर सेटमधून दोन वायरी ओढून ही जोडणी होते आणि तिला मजुरीपलीकडे फारसं काही लागत नाही. पत्र्याखालचा सेट वारंवार जागा हरवत असेल, तर त्याच वेळी हे लाल बटणही अर्धं निकामी होतं. पत्र्याच्या केबिनवर बाहेरचा अँटेना घ्याच असं मी म्हणतो, त्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

दुकानात जाताना सेटच्या मागच्या बाजूचा, सॉकेट आणि मॉडेल नंबर दिसेल असा फोटो घेऊन जा. बिलावर अँटेनाचा प्रकार, व्होल्टेज आणि कनेक्टर लिहून घ्या. होडीवर लावून चालला नाही तर अमुक दिवसांत बदलून मिळेल, ही अट पैसे देण्याआधी ठरवा आणि तीही बिलावर लिहून घ्या. बंदी उठण्याच्या आठवडाभर आधी सगळं जोडून, इंजिन, दिवे आणि वायरलेस चालू ठेवून तासभर चाचणी करा, म्हणजे बदलायची वेळ आलीच तर दुकान गाठायला दिवस हाताशी राहतील.