बाटलीवरचा आकडा

विष्णुपुरीच्या एका प्रयोगशाळेत मी आठ महिने एकच उद्योग केला. हळदीतून कर्क्युमिन काढायचं, ते शुद्ध असल्याचं सिद्ध करायचं आणि मग त्याच्याशी ताडून लोकांची हळद मोजायची. हळद वसमतच्या मामांची, घरचीच.

१. माझे स्फटिक इतके देखणे होते की मी त्यांचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी टीएलसीच्या प्लेटवर एकाखाली एक तीन पिवळे ठिपके उमटले. वरचा कर्क्युमिन, खालचे दोघे त्याचे भाऊ. बाजारात कर्क्युमिन म्हणून मिळतं ते बहुधा हे एकत्र कुटुंबच असतं. त्यांच्या वाटण्या करण्यात माझे तीन महिने गेले, आणि सिलिका किती गेली ते स्टोअरवाल्यांना विचारा.

२. यंत्र खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. एचपीएलसीवर ९८.६ टक्के आले, मी पेढे वाटले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "आणि पाणी?" आमचा डिटेक्टर ४२५ नॅनोमीटरला लावलेला. त्याला फक्त पिवळं दिसतं. पाणी निघालं १.१ टक्के, अडकून बसलेलं मिथेनॉल २.४, आणि जाळल्यावर राख ०.८. ही राख कॉलममधून निसटलेल्या सिलिकाची, म्हणजे ज्या गाळणीनं शुद्ध केलं तिचीच! शंभरातून हे सगळं वजा केलं, उरले ९५.७. त्याचे ९८.६ टक्के, म्हणजे ९४.४. मी रडकुंडीला आले. बाई शांत. "चौऱ्याण्णव चालतात गं. लेबलवर चौऱ्याण्णवच लिही म्हणजे झालं."

३. उजेड कर्क्युमिनला सोसत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. तरी माझ्या स्टँडर्डच्या, म्हणजे ताडून बघायच्या कर्क्युमिनच्या, द्रावणाचा साधा फ्लास्क खिडकीत राहिला. दुसऱ्या दिवशी आलेला प्रत्येक नमुना अव्वल ठरला, अगदी फिकुटलेली हळदसुद्धा. आपलं स्टँडर्ड उतरलं की समोरचा आपोआप चढतो, हे लक्षात यायला मला दुपार झाली. तोवर दोघांना फोनवर अभिनंदन कळवून झालं होतं.

४. पाचव्या दशांशापर्यंत वजन करायचं तर पंखा बंद. मे महिन्यातल्या नांदेडात. याहून जास्त लिहीत नाही.

५. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून संदर्भद्रव्यं मिलिग्रॅमच्या हिशेबात येतात. पूर्वी त्या चिमूटभर पुडीची किंमत बघून मी नाक मुरडायचे. आता त्या चिमटीमागे कुणाचे किती पंखे बंद राहिले असतील, ते मनात येतं. व्होगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतलं पिवळं द्रव्य १८१५ साली वेगळं काढलं, पण त्याची रचना उलगडायला १९१० उजाडलं. माझे आठ महिने त्यापुढे काय!

६. चूक आपल्या बाटलीत असते, पण ती गावभर हिंडते. ९८.६ च्या भरवशावर मी मामांना त्यांच्या हळदीत ५.१ टक्के कर्क्युमिन असल्याचं सांगून बसले होते. नव्या हिशेबानं ते ४.९ भरलं. फोन करायला दोन दिवस धीर होईना. शेवटी केला. मामा थोडा वेळ गप्प राहिले.

"पोरी, ते जुनंच राहू दे. मोंढ्यात सांगून झालंय."