चासीचा गंज

यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची जुनी पिकअप गाडी आम्ही पाहिली. वरून रंग नवा. पण केळी भरली की गाडी मधेच वाके, दार लागेना. मालकाबरोबर आम्ही जळगावला मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री गाडीखाली शिरला. चासीवर हातोडी मारली. पुढे टणटण आवाज आला, मागे भदभद. तिसऱ्या ठोक्याला हातोडी आत शिरली.

चासी म्हणजे गाडीचा कणा. इंजिन, पाटे, हौदा, सगळा भार तिच्यावर.

आपल्या खानदेशात ऊन फार. मग गंज कसा? गंजाला हवा आणि पाणी लागते. केळीचे पोटॅश खत एक प्रकारचे मीठच असते. ते गोणीतून सांडते, चिखलाबरोबर चासीत बसते, ओल धरून ठेवते. मीठ आणि ओल मिळाली की गंज भराभर वाढतो. वाळवी लाकूड आतून खाते, तसेच हे.

मालक म्हणाले, "मिस्त्रीभाऊ, वरून पट्टी मारून द्या."

मिस्त्री म्हणाला, "दादा, कुजक्या लाकडात खिळा धरतो का? तुमचा पोरगा रोज धुळ्याच्या रस्त्याला असतो. चासी तुटली तर?"

मालक गप्प झाले. चासी बदलायचे ठरले.

पण आधी आर. टी. ओ. ऑफिसात जावे लागले. चासीवर नंबर कोरलेला असतो, तोच आर. सी. पुस्तकात असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. जुना नंबर नव्या चासीवर आपल्या हाताने कधीही ठोकू नये.

मग बॅटरी सोडली, डिझेल काढले. चेन कप्पीने हौदा आणि केबिन उचलली. नवी चासी दोरीने कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजली. घराचा पाया आखताना आपण मोजतो, तशीच. दोन्ही मापे सारखी, म्हणजे चासी सरळ.

पैसे बरेच गेले. मालक म्हणाले, "गुरुजी, पाण्याने धुतली असती तर वाचले असते."

म्हणून खत उतरवले की गाडी खालून धुवा, वाळवा. वर्षातून एकदा हातोडीने वाजवून पाहा.

सांगा पाहू :
१. चासीवर गंज का चढला?
२. मिस्त्रीने पट्टी का मारली नाही?
३. तुमच्या घरी लोखंडाची कोणती वस्तू गंजते? का?