वरची खोली

गेवराई तालुक्यातील आमचे पिढीजात धाब्याचे घर पाडून त्या जागी दुमजली स्लॅबची इमारत मी उठविली, तेव्हा नकाशात दिवाणखान्याची, कोठीची, फार काय मोटारसायकलीचीही तजवीज केली. परंतु या घरात कधी कोणी दीर्घकाळ आजारी पडेल, हा विचार मनास शिवला नाही. पुढे पत्नीस स्तनाचा कर्करोग झाला, आणि बार्शीहून शेक व किमो घेऊन ती परतली, तेव्हा घरातील सर्वोत्तम म्हणून वरची खोली मी तिला मोठ्या मायेने दिली.

तीच माझी चूक. चौदा पायऱ्या तिला चढवत नसत, वैशाखात स्लॅब रात्रीपर्यंत धगधगे, आणि खिडकी इतकी उंच की पलंगावरून केवळ भिंत दिसे. खाली कडी वाजली की ती विचारी, "अहो, कोण आलंय?" मी उत्तर देईपर्यंत आलेला मनुष्य चहा घेऊन गेलेलाही असे. जुन्या घरात ओसरी होती. तिथे आजी वर्षभर पडून होती, तरी तिला विचारल्याविना घरचे पान हलत नसे. ती ओसरीच मी पाडली होती.

वास्तुविशारद भाच्याने सांगितले की, मॅगी केझविक जेंक्स या बाईंना आपला कर्करोग उलटल्याची वार्ता ऐकून बिनखिडकीच्या बोळात बसावे लागले, आणि त्या वेदनेतून त्यांनी कल्पिलेले रुग्णांचे विसावागृह त्यांच्या मृत्यूनंतर, १९९६ साली, एडिंबरो येथे उघडले, ज्याच्या मध्यभागी स्वयंपाकघरातील मेज आहे. म्हणजे ओसरीच की! आमच्याकडे मात्र फोडणीच्या वासाने किमोनंतर ओकारी येते, म्हणून चुलीचा धूर पलंगाकडे वाहणार नाही, एवढे पाहावे.

घर बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, तळमजल्यावर, दारापाशी एक खोली राखावी. खिडकीचा कठडा निजल्या माणसाच्या नजरेखाली असावा. शौचालय खोलीस लागून, उंबरठ्याविना, बैठकीचे व भिंतीस दांडी असलेले असावे, आणि त्याचे दार बाहेर उघडावे, कारण आत रोगी पडल्यास आत उघडणारे दार त्याच्याच देहाने अडते. हे आम्ही एका पहाटे अनुभवले. बिजागऱ्या उपटून तिला बाहेर काढावे लागले.

त्याच आठवड्यात गवंडी बोलावून पुढच्या खोलीची खिडकी हातभर खाली फोडविली आणि पलंग तिथे आणला. समोर लिंब आहे, रस्ता आहे, कडी वाजली की "कोण? या आत" हा आवाज आता प्रथम तिचाच येतो.