पोटरी धरली की थांब, सुटली की चाल

लेका, परवा टोलनाक्याकडून येताना तू दोनदा थांबलास आणि मोबाईल बघायचं सोंग केलंस. मी ओळखलं. मीही दोन वर्षं तेच केलं. मोबाईल नव्हता म्हणून चपलेचा अंगठा नीट करायचो. लोक म्हणायचे, वय झालं, वात आहे. वात नव्हता, पायाच्या धमन्या आतून चोंदल्या होत्या. चालताना पोटरीला रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून ती धरते.

आधी दुखणं ओळख. चालल्यावर पोटरी धरते आणि नुसतं उभं राहिलं की थोड्या मिनिटांत सुटते, तर रक्ताची वाट अडलीय असा संशय घे. बसल्याशिवाय, पुढं वाकल्याशिवाय बरं वाटत नसेल तर मणक्याकडं बघावं लागतं. तपासणी सोपी आहे. डॉक्टर घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर घेतात. घोट्याचं 98 आणि दंडाचं 140 निघालं, तर भागाकार 0.70. तो 0.90 किंवा खाली आला की रोग आहे. पण तुला साखर आहे. साखरेनं धमन्या कडक होतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो; म्हणून पायाच्या अंगठ्याचंही प्रेशर घ्यायला सांग. हृदयही तपासून घे. पायात चोंदलंय ते तिथंही चोंदलेलं असू शकतं.

मग चाल. इथंच माणसं चुकतात. दुखलं की खाटेवर पडतात. पोटरी चांगली धरेपर्यंत चालायचं, उभं राहायचं, सुटली की पुन्हा निघायचं. असं थांबत थांबत 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून निदान 3 दिवस, सलग 12 आठवडे. छातीत दुखलं तर मात्र तिथंच थांब आणि दवाखाना गाठ.

मी विजेचे खांब मोजायचो. पहिल्या दिवशी चौथ्या खांबाला पोटरी धरली. कॅलेंडरच्या चौकटीत रोज आकडा लिहिला. महिनाभर तो चार-पाचातच घुटमळला, तिसऱ्या महिन्यात अकरावर गेला. चोंदलेली नळी चालण्यानं मोकळी होत नाही. आहे त्या रक्तात जास्त काम करायला स्नायू शिकतो.

बिडी सोड. अर्धीसुद्धा नको. आणि चालतोय म्हणून कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस.

पाय बघ. रात्री झोपताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपास. वाकता येत नसेल तर आरसा धर किंवा सूनबाईला सांग, त्यात लाज कसली! पाय गार पडतात म्हणून विटेचा शेक नको, कढत पाणी नको. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. मोजे घाल. अनवाणी तर अंगणातही नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेली माणसं आपल्या दारावरून जातात, त्यात कितीतरी अनवाणी असतात. त्यांचं बघून तू चपला काढू नकोस; आई भवानी रागवायची नाही.

कधी धावायचं? रात्री पाय दुखून खाटेखाली सोडावासा वाटला, जखम भरेना, बोट काळं पडायला लागलं, तर चालणं थांबव आणि लगेच डॉक्टरांना दाखव. पाय एकाएकी गार, पांढराफटक, बधिर झाला तर सकाळची वाट बघू नकोस. गाडी कर आणि त्याच घटकेला सोलापूर गाठ. तिथं तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर पाय जातो.

यंदा तुळजापूरपर्यंत पायी आला नाहीस तरी चालेल. आधी डॉक्टरांना दाखवून ये. मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बूट घालून दारात उभा राहा. थांबशील तिथं मीही थांबतो. मोबाईल घरीच ठेव.