संगणक चालू होत नाही तेव्हा काय बघावे

बाईंनी या वेळच्या भित्तिपत्रकासाठी मला विज्ञानाचा एक पाठ लिहायला सांगितले. विषय मीच निवडला. आपल्या शाळेचा संगणक गावाच्या लोकवर्गणीतून आलेला आहे. तो दिवाळीच्या आधी बंद पडला आणि तालुक्याच्या एका दुकानात नेला, तर तिथले म्हणाले, "याचा मुख्य बोर्ड गेला. भंगारात द्या आणि नवा घ्या." मग पुन्हा वर्गणी काढायची वेळ आली. पण संगणक आता चालू आहे आणि बोर्ड जुनाच आहे. ते कसे, हे पालक रोज विचारतात, म्हणून सगळे नीट लिहिते.

माझा मावसभाऊ आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो सुट्टीला आला तेव्हा मोठ्या गुरुजींना विचारून त्याने संगणक उघडला. मी आणि आमच्या वर्गातली चार मुले शेजारी बसून बघत होतो. खालची बरीच माहिती त्याने सांगितलेली आहे.

आधी हे समजून घेऊ की बटण दाबल्यावर आत काय होते. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते. एवढी वीज आतल्या नाजूक भागांना चालत नाही. म्हणून खोक्यात मागच्या बाजूला एक लोखंडी डबी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. ती त्या विजेची १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी वीज करते. सगळे व्होल्ट ठीक झाले की ती डबी बोर्डाला तसा इशारा देते. मग बोर्डावरच्या एका चिपमधला बायोस नावाचा प्रोग्रॅम जागा होतो. वीज गेली तरी ही चिप काही विसरत नाही. बायोस सर्वांची हजेरी घेतो. प्रोसेसर हजर आहे का, स्मृतीची पट्टी म्हणजे रॅम हजर आहे का, पडदा, कळफलक, सगळे. या हजेरीला पोस्ट म्हणतात, पण टपालाचे पोस्ट नव्हे. हजेरी झाली की बायोस हार्ड डिस्कवर विंडोज शोधतो आणि काम तिच्याकडे देतो. आपल्याकडे आधी प्रार्थना, मग हजेरी, मग पाठ, तसेच हे आहे.

चालू होण्याला बूट होणे म्हणतात. उंच बुटाला मागे एक पट्टा असतो, तो ओढून बूट चढवायचा. तोच पट्टा ओढून स्वतःच स्वतःला उचलायचे, अशी इंग्रजीत एक गंमत आहे. संगणक स्वतःच स्वतःला उठवतो म्हणून ते नाव पडले. पूर्वी तोही नीट उठत नसे. १९७५ साली अमेरिकेत आल्टेअर ८८०० नावाचा संगणक आला. त्याला सुरुवातीच्या सूचना माणसाने पुढच्या बटणांची खालीवर करून एक एक भराव्या लागत. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून! १९८१ साली आयबीएम कंपनीचा पीसी आला त्यात बायोसची चिप होती आणि हजेरीही होती.

आता बिघाडाकडे येऊ. आमची विहिरीवरची मोटार चालू झाली नाही तर बाबा लगेच मोटार वर काढत नाहीत. आधी स्टार्टरच्या पेटीवरचे तीन दिवे बघतात. तिन्ही फेज आहेत का, फ्यूज उडाला का, मग वायर, आणि मोटार सगळ्यात शेवटी. संगणकाचेही तसेच करायचे. दादा म्हणाला, "जिथून वीज येते तिथून चालायला लागायचं. मधला टप्पा गाळायचा नाही."

बटण दाबले आणि दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर वीजच पोचत नाही. त्याच बोर्डात दुसरी वस्तू लावून बघावी. मग यूपीएस बघावा. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते आणि लाईट गेली की लगेच मान टाकते. मग मागची जाड वायर दाबून बसवावी. एसएमपीएसच्या मागे एक छोटे बटण असते, झाडताना कुणाचा हात लागून ते बंद झालेले असू शकते. एवढे बघूनही काही नाही तर एसएमपीएस गेला असेल. तो बदलायचा, उघडायचा मात्र नाही. वायर काढली तरी त्याच्या आत वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसतो.

इथे आणखी एक गोष्ट पालकांना सांगायची आहे. संगणकाच्या लोखंडी खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही असे समजावे. प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती कापून किंवा दोन पिनचा प्लग लावून काम भागवू नये. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरतात. उन्हाळ्यात तो सुकला की पाणी घालावे लागते. आपल्या शाळेच्या खड्ड्यात आता दर शनिवारी पाणी घालतो.

आपल्या संगणकाचे दुखणे निराळे होते. दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण पडदा काळा. पडद्याची वायर सैल असली तरीही असेच होते, म्हणून दादाने ती आधी बघितली. तिला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, ते घट्ट होते. पडद्याला स्वतःचा दिवा होता आणि संदेश येत नाही असे तो सांगत होता. म्हणजे पडदा बरा होता, खोक्याकडूनच काही येत नव्हते. हजेरीच पुरी होत नव्हती.

मग दादाने प्लग काढला. प्लग काढल्यावरही चालू करायचे बटण थोडा वेळ दाबून धरले, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. मग खोक्याच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आपण केसावर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलतो ना, ती वीज अंगातही असते. आपल्याला ती कळतही नाही, पण चिप तिने मरू शकते. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा ती जास्त साठते. झाकण काढले तर आत एवढी धूळ! कोपऱ्यात पालीची दोन अंडीसुद्धा होती. ती रिकामी होती. मऊ ब्रशने सगळे झाडून काढले.

आता खरी गंमत. बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दादाने दोन्ही काढून ठेवल्या आणि तसाच संगणक चालू केला. आतला छोटा भोंगा मोठ्याने ओरडायला लागला, पीं पीं पीं. आम्ही कानावर हात ठेवले, आणि दादा मात्र हसायला लागला! मी म्हणाले, "दादा, हसतोस काय, अजून बिघडला की." तो म्हणाला, "अगं, बोर्ड मेला असता तर ओरडला कोण? रॅम नाही हे त्याला कळलं आणि त्यानं सांगितलं. म्हणजे प्रोसेसर जिवंत, बायोसची चिप जिवंत, बोर्ड जिवंत." मोठे गुरुजी खुर्ची पुढे ओढून बसले. मला वाटते सगळ्या कामात हीच युक्ती सर्वांत हुशारीची होती. वस्तू चालते का हे बघायला त्याने त्यातली एक वस्तू काढून घेतली. हे भोंगे कंपनीप्रमाणे वेगवेगळे असतात. कुणाचा एक लांब, कुणाचे तीन आखूड. त्याचा तक्ता बोर्डाच्या पुस्तिकेत असतो.

मग पट्ट्यांची सोनेरी कड खोडरबराने हलके घासली आणि रबराचा चुरा कापडाने पुसला. पावसाळ्याच्या दमटपणाने त्या कडेवर मळ धरतो. पहिली पट्टी एकटी बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून लागल्या. बटण दाबले, एकदा पीं झाले आणि पडद्यावर अक्षरे आली! दादाने लगेच तो बंद केला. आम्ही म्हणालो, राहू दे की चालू. पण त्याने प्लग काढून पहिली पट्टी काढली आणि त्याच खाचेत दुसरी लावली. पडदा काळा. पुन्हा घासून लावली, पुन्हा काळा. परत पहिली लावली, चालू. म्हणजे खाच चांगली आणि दुसरी पट्टीच खराब. दादा एका वेळी एकच गोष्ट बदलत होता. दोन एकदम बदलल्या असत्या तर कशामुळे बरे झाले ते कळले नसते, आणि चांगली वस्तूही फेकली गेली असती.

अक्षरे आली पण तारीख कितीतरी वर्षे मागची होती आणि एफ १ दाबा असे लिहून तो थांबला. हा दोष बटणासारख्या गोल सेलचा. संगणक बंद असताना घड्याळ त्या सेलवर चालते. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. मी पट्टीने मोजले, रुंदी बरोबर २० मिलिमीटर भरली. पुढचे ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. नावातच माप! हा सेल ३ व्होल्टचा असतो आणि गावच्या घड्याळाच्या दुकानातही मिळाला. काही जुन्या संगणकांत कळफलक निघालेला असला की पडद्यावर येते, कळफलक नाही, पुढे जायला एफ १ दाबा. आता कशावर दाबायचे?

कधी हजेरी पुरी होते पण विंडोज सापडत नाही असे लिहून येते. तेव्हा आधी विसरलेला पेनड्राइव्ह काढावा, कारण संगणक त्यातच शोधत बसलेला असू शकतो. मग हार्ड डिस्कची वायर बघावी. डिस्कमधून कट कट आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करू नये, त्याने आतली माहिती जाते. विंडोजचे चिन्ह येऊन अडकत असेल तर बहुतेक वेळा मधेच लाईट गेल्यामुळे फाइल बिघडलेली असते. विंडोज १० आणि ११ मध्ये दोनतीनदा असे झाले की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तो काम करत असताना बटण दाबून बंद करू नये, कितीही वेळ लागो.

आपला संगणक सध्या एकाच पट्टीवर चालतो, म्हणून चित्रे उघडायला वेळ घेतो. शाळा समितीने दुसरी पट्टी आणायचे ठरवले आहे. जो कोणी तालुक्याला जाईल त्याने जुनी पट्टी बरोबर न्यावी. आपली डीडीआर ३ आहे, तिला २४० टोके असतात. डीडीआर ४ ला २८८ असतात आणि तिची खाच वेगळ्या जागी असते, ती आपल्या बोर्डात बसणार नाही. जुनी पट्टी मोठ्या गुरुजींच्या कपाटात, खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवली आहे.